देवाची धार, कलालीची क्वार्टर

प्रश्न असा आला आहे: "मी मूळची इंदूरच्या रामबागेतली. सध्या मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर या आदिवासी जिल्ह्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर वैद्यकीय अधिकारी आहे. इथं जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक विधीला दारू लागते. देवाला धार द्यायची तर दारू, भांडण मिटवायचं तर दारू. 'सोडा' म्हटलं की लोक मान डोलावतात आणि निघून जातात. रिवाजच असा असेल तर नुकसान कमी करायचं कसं? की सरळ दारूबंदी मागायची? आणि खरं सांगते, इंदूरला आमच्या घरी काका रोज संध्याकाळी बसतात, तिथंही माझ्या तोंडातून शब्द निघत नाही."

डॉक्टर, तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. अलीराजपूरचा बडवा (गावचा देवऋषी) आणि रामबागेतले काका ही दोन वेगळी प्रकरणं नाहीत. मी अठ्ठावीस वर्षं इंदुरात मनोविकारतज्ज्ञ म्हणून दारूचे रुग्ण पाहतोय आणि त्यातली बरीच वर्षं झाबुआ-अलीराजपूरकडे शिबिरांना जात आलो. दोन्हीकडे मला एकच गोष्ट दिसली. जिथं पिण्याचा रिवाज आहे, तिथं त्याच रिवाजात थांबण्याचीही जागा आहे. कुणी प्यायची, कधी, किती, कुणाच्या हातून, आणि नको असेल तर कुणाचा मान न दुखवता नको कसं म्हणायचं, हे सगळं ठरलेलं असतं. ती जागा पुसली गेली की नुकसान सुरू होतं. आपलं काम ती जागा शोधायची आणि तिला बळ द्यायचं. रिवाजाशीच भांडण काढलंत तर रिवाज टिकतो आणि रुग्ण यायचा बंद होतो.

हे मला उशिरा कळलं. सुरुवातीला मी पोस्टरं घेऊन जायचो. कवटी, काळं पडलेलं यकृत, खाली मोठ्या अक्षरांत 'शराब जहर है'. एका फळियात, म्हणजे वस्तीत, एक म्हातारी अगदी शांतपणे म्हणाली, "मग आम्ही आमच्या पूर्वजांना विष पाजतो का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या फळियातून पुढची दोन वर्षं एकही माणूस शिबिराला आला नाही. त्या दोन वर्षांत तिथं उपचारावाचून कोण राहिलं असेल, हा विचार अजून मनातून जात नाही.

पुढे त्याच भागात एका घरी नवईला बसायला मिळालं. नवं धान्य खायच्या आधी देवाला आणि पूर्वजांना द्यायचं, तो सण. कोपऱ्यात मोहाच्या दारूचं मडकं होतं. घरातल्या वडीलधाऱ्याने पळसाच्या पानाचा दोना केला, त्यात दारू घेतली आणि एकेका पूर्वजाचं नाव घेत थेंब थेंब जमिनीवर सोडली. हीच धार. मग तोच दोना वयाच्या क्रमाने फिरला. वाढणारा एक, दोना एक. जो प्यायला त्याने तो परत करायचा, मग पुढच्याचा नंबर. त्या रांगेत माझा एक क्षयाचा रुग्ण होता. दोना त्याच्या हातात आला तेव्हा मी श्वास रोखून पाहत होतो. त्याने करंगळीशेजारचं बोट बुडवलं, दोन थेंब भुईवर शिंपडले, दोना कपाळाला लावला आणि पुढे दिला. कुणी भुवई उंचावली नाही. त्याचं पिणं झालं असंच सगळ्यांनी धरलं. तीन फेऱ्यांनंतर वाढणाऱ्याने मडक्यावर पान ठेवलं आणि बायकांनी भाकरी आणली.

नंतर मी तो दोना मागून घेतला आणि पिशवीतल्या सिरिंजने त्यात पाणी भरून मोजलं. ३५ मिली. दारू कडक धरली तरी त्यात जेमतेम दहा ग्रॅम अल्कोहोल. तीन फेऱ्या म्हणजे तीस ग्रॅम, तेही तासाभरात, बसून, घरच्या माणसांसमोर.

आता त्याच गावातली लग्नाची रात्र घ्या. डीजे लागलेला, हातात प्लास्टिकचा डिस्पोजल ग्लास, कलालीवरून, म्हणजे दारूच्या दुकानावरून, पेट्या आलेल्या. इंग्रजी दारूची १८० मिलीची एक क्वार्टर ४२.८ टक्क्यांची असते, म्हणजे तिच्यात साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल. आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर ६५० मिलीच्या बाटलीतून घेतली तर ४० ग्रॅम. वाढणारा कुणी नाही, क्रम नाही, झाकायला मडकं नाही. पोरगं सोळा वर्षांचं असो की म्हातारा सत्तरचा, ज्याच्या हाती बाटली तोच धनी. याला आपण 'आदिवासींचा रिवाज' म्हणतो ते चूक आहे. हा कलालीचा रिवाज आहे, आणि तो इथं आणला गेला. इंग्रजी अमदानीत शेजारच्या मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला, १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवरच बंधनं घालणारा कायदा आला. घरची भट्टी गुन्हा ठरली आणि मक्त्याचं दुकान हे महसुलाचं साधन झालं. मोहाची फुलं चैत्राच्या आसपास पहाटे गळतात, वेचायची, वाळवायची, मग आंबवायची. त्या कष्टाला आणि फुलांच्या साठ्याला एक अंत होता. दुकानाला तो नसतो.

म्हणून तुमच्या केंद्रावर आलेल्या माणसाला 'दारू पिता का' असं विचारू नका. त्याचं उत्तर 'हो' आहे आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी विचारा, धारेची पिता की कलालीची पण? शेवटचे सलग तीन दिवस बिनदारूचे कधी गेले? आणि माझा सगळ्यात कामाचा प्रश्न: सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, आणि एक घोट घेतल्यावर थांबतात का? जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची 'ऑडिट' प्रश्नावली तुम्ही शिकला असाल. ती जरूर वापरा, आठ किंवा जास्त गुण आले की काळजीचं. पण रांगेत साठ माणसं उभी असताना हे तीन प्रश्न अर्ध्या मिनिटात सांगतात की समोरचा माणूस सणाला पिणारा आहे, आठवडी हाटाच्या दिवशी लोळणारा आहे, की दारूच्या तावडीत सापडलेला आहे. या तिघांना तीन वेगळी औषधं. पहिल्याला बहुतेक काहीच नको. दुसऱ्याला बोलणं पुरतं. तिसऱ्याला नुसतं बोलणं घातक ठरू शकतं.

हे घातक कसं, ते मी तुम्हाला इंदुरातलंच सांगतो.

आपल्याकडे श्रावण. दीप अमावास्येला, म्हणजे गटारीला, भरपूर प्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर शिवायची नाही. मी या रिवाजाला नावं ठेवत नाही. वर्षातून एक महिना यकृताला विसावा देणारी आणि 'माझा श्रावण आहे' एवढंच म्हणून कुठल्याही मैफिलीतून सुटका देणारी यापेक्षा चांगली सोय मला माहीत नाही. पण काही वर्षांपूर्वी लोकमान्य नगरातून एक सून सासऱ्यांना रिक्षात घालून घेऊन आली. श्रावणाचा तिसरा दिवस. आजोबा रोजची एक अद्धा (अर्धी बाटली) पिणारे, तीस वर्षं. भिंतीवरून मुंग्या चालल्यात म्हणत ते बोटांनी हवेतच काहीतरी टिपत होते. धोतर घामाने भिजलेलं, नाडी १३०. सून म्हणाली, "काल देवघरापुढे बसले आणि अंगात आलं, आम्ही सगळ्यांनी हात जोडले." आदल्या रात्री त्यांना फिट येऊन गेली होती, तीही अंगात आलं म्हणूनच सोडून दिलेली. चार दिवस आम्ही त्यांच्या उशाशी होतो. वाचले.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा भ्रम. उपचार नाही मिळाला तर माणूस जातो. श्रावण, नवरात्र, बडव्याने दिलेली शपथ, पोलिसांची कोठडी, पाय मोडून ऑर्थोच्या वॉर्डात भरती होणं, सगळ्यांचा परिणाम शरीरावर तोच. म्हणून व्रत मोडायला सांगू नका, व्रताच्या आधी भेटा. माझ्याकडे आता काही घरं आषाढातच येतात. सकाळी हात थरथरणाऱ्याला आम्ही डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडचा आठ-दहा दिवसांत उतरत जाणारा डोस देतो. कावीळ, पोटात पाणी किंवा वय जास्त असेल तर लोराझेपाम. हे डॉक्टरच्या देखरेखीखालीच. घरी कुणी मनाने झोपेच्या गोळ्या देऊ नयेत, त्यावर दारू पडली तर श्वास थांबतो. आणि तुम्ही डॉक्टर आहात म्हणून आवर्जून: सलाइन किंवा ग्लुकोजच्या बाटलीआधी थायमिन. उपाशी, कुपोषित, रोज पिणाऱ्या माणसाला नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिन संपतं आणि डोळे फिरणं, तोल जाणं, कायमची स्मृती जाणं असा मेंदूचा घात होऊ शकतो. तुमच्या भागातले झोळाछाप (बिनपदवीचे) डॉक्टर पहिल्यांदा बाटलीच चढवतात. त्यांच्याशी वैर धरण्यापेक्षा त्यांना एवढी एक गोष्ट शिकवा. मी शिकवली आहे, आणि ते ऐकतात.

इंदुरात आणखी एक गंमत आहे जिचा फायदा पिणारे घेतात. शेजारच्या हिंदी घरांचा सावन गुरुपौर्णिमेनंतर लगेच लागतो, आपला पंधरा दिवसांनी. ज्याला टाळायचंय तो दोन्हींकडून पळवाट काढतो. ज्याला थांबायचंय त्याला मी दोन्ही धरायला सांगतो, दीड महिना मिळतो.

तर बोलणं कुणाशी आणि कुणी करायचं? इथं इतिहास आपल्या बाजूने आहे. भिल्ल समाजात दारू सोडण्याच्या मोठमोठ्या लाटा आल्या आणि त्या बाहेरच्या डॉक्टरने आणल्या नाहीत. गोविंद गुरूंनी धुणी पेटवून भगत केले, दारू-मांस सोडवलं. १७ नोव्हेंबर १९१३ ला मानगढच्या डोंगरावर त्यांच्या माणसांवर इंग्रजी फौजेने गोळ्या चालवल्या. १९२२ च्या सुमाराला दक्षिण गुजरातेत, बडोदा संस्थानच्या सोनगढ-व्यारा भागातही, देवी अंगात येऊन सांगू लागली की दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, आणि गावंच्या गावं तिचं ऐकू लागली. १९३० च्या दशकात खानदेशात तळोद्याजवळच्या मोरवडला गुला महाराजांच्या 'आप' पंथाने हेच केलं. झाबुआत बामनियाला आश्रम करून राहिलेल्या मामा बालेश्वर दयालांना तर भिल्ल आजही पूजतात, त्यांच्या कामातही दारूला विरोध होता. या सगळ्यांत समान धागा पाहा. 'सोडा' म्हणणारा आवाज त्यांच्या देवाचा किंवा त्यांनी आपला मानलेल्या माणसाचा होता, आणि दारू काढून घेतली तिथं धुणी, आरती, आंघोळ असं काहीतरी ठेवलं गेलं. देवीच्या लाटेनंतर गावांत 'वरजेला' आणि 'सरजेला' असे तट पडले, सोडलेले आणि पुन्हा धरलेले. म्हणजे हे सोपं होतं असं नाही. पण त्या लाटेनंतरही बरेच जण कायमचे वरजेलाच राहिले.

आजही तुमच्या फळियात भगत घरं असतील. ती धारेऐवजी नारळ फोडतात आणि तरी त्यांचं नातंगोतं तुटलेलं नाही. त्यांना ओळखा. दहेज, दारू आणि डीजे या तिन्हींवर बंधन घालायची मोहीम त्या भागात समाजाच्या माणसांनीच चालवली आहे, तडवी-पटेलांनी (गावप्रमुखांनी) बैठका घेऊन. अशा बैठकीला बोलावलं तर जा, मागे बसा, विचारतील तेवढंच बोला. मी बैठकांत एकच मागणं मागतो: धार दोन्याची ठेवा. लग्नात, नुक्त्यात (मरणानंतरच्या जेवणात), भांजगड्यात (भांडण मिटवायच्या बैठकीत) वाढणारा एक ठरलेला माणूस असू द्या आणि तो स्वतः पिणारा नसू द्या. बोट बुडवून कपाळाला लावलेला दोना म्हणजे प्यालेला दोना, हे पंचांनी सगळ्यांसमोर बोलून दाखवावं. भांजगड्याच्या दंडात दारूऐवजी रोख किंवा बकरा चालेल का, हे त्यांनाच ठरवू द्या. दोन-तीन फळियांत हे झालं. तिथं माणसं प्यायची थांबली नाहीत, पण लग्नानंतरच्या सकाळी माझ्याकडे येणारी फुटलेली डोकी कमी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

समजावण्यासाठी मनोविकारतज्ज्ञच हवा असंही नाही. गोव्यात 'संगत' संस्थेने प्राथमिक केंद्रांवर साध्या प्रशिक्षित स्थानिक माणसांकडून जास्तीत जास्त चार बैठकांचं समुपदेशन देऊन पाहिलं. धोकादायक पिण्याच्या बाहेर पडणाऱ्यांचं प्रमाण त्याने वाढलं. हे काम २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. तुमच्या आशा कार्यकर्तीला भिली येते, तुम्हाला येत नाही. तिला तयार करा. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकाला कुठला तरी उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांपर्यंत तुमची आशाच पोहोचणार आहे.

बायकांविषयी एक गोष्ट. अलीराजपूरकडच्या बाया स्वतःही पितात, त्यात लाज धरत नाहीत, आणि ते आपल्या रामबागेच्या डोळ्यांना खुपतं. खुपू देऊ नका. गरोदरपणात अजिबात नको, हे मात्र प्रत्येक तपासणीत स्पष्ट सांगा, धारेचं बोटही कपाळालाच. आणि हे सांगताना आपली ब्रँडी आठवा. सर्दी झालेल्या तान्ह्याला चमचाभर ब्रँडी चोळायच्या नावाखाली पाजणारी घरं इंदुरात मी कालपरवापर्यंत पाहिली आहेत, चांगली शिकलेली. गावात एखादी विधवा भट्टी लावून मुलं वाढवत असते. ती तुमची शत्रू नाही. तिच्याकडे जाऊन बसा. उधारीवर द्यायची नाही, पोरांना द्यायची नाही, दिवेलागणीला मडकं झाकायचं, गुळाच्या घोळात युरिया-नवसागर घालायचा नाही, एवढं तिने पाळलं तर ती तुमच्या केंद्राइतकंच काम करते.

विषारी दारूबद्दल थोडं. ऑक्टोबर २०२० मध्ये उज्जैनला, जुलै २०२१ मध्ये मंदसौर जिल्ह्यात माणसं मेली. घरच्या मोहाच्या मडक्याने असे बळी सहसा जात नाहीत. ते जातात कारखान्यातलं मिथेनॉल मिसळलेल्या स्वस्त मालाने. सुरुवातीला नशा, मग बारा ते चोवीस तासांनी पोटात कळ, दम लागणं आणि डोळ्यांपुढे धुकं. एकाच फळियातली दोन माणसं 'दिसत नाही' म्हणत आली की तपासणीची वाट पाहू नका. मिथेनॉलच समजा, तिथल्या तिथे मोठ्या रुग्णालयाला कळवून पाठवा आणि त्यांच्यासोबत तीच दारू कोण कोण प्यायलं त्या प्रत्येकाला शोधायला माणूस धाडा, जो अजून ठणठणीत दिसतो त्यालासुद्धा.

त्याहून जास्त माणसं मी दोन गोष्टींत गमावली आहेत. एक हाटाच्या संध्याकाळी मोटरसायकलवर. कायद्यात १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम ही मर्यादा आहे, पण भगोरियाच्या गर्दीत कोण मोजतं? (भगोरिया म्हणजे पळून जाण्याचा बाजार, असं दरवर्षी कुणीतरी छापतं. तो होळीआधीचा आठवडी हाट आहे, लोक खरेदीला येतात.) तिथं किल्ली ठेवून घेणारा एक न पिणारा पोरगा प्रत्येक टोळीत ठरवायला सांगा, तरुण पोरं हे ऐकतात, कारण त्यांनी मित्र गमावलेले असतात. दुसरी गोष्ट कपाशीवर फवारायच्या औषधाची बाटली. दारूत भांडण होतं, बाटली कोपऱ्यातच असते, दोन मिनिटांत सगळं संपतं. शुद्धीवर असता तर तो माणूस तिथवर गेला नसता. ज्या घरात रोजचं पिणं आहे त्या घरात ते औषध कुलपात ठेवा, किल्ली बाईकडे. हे सांगायला दारूचा विषयही काढावा लागत नाही.

इंदूरच्या भिंतींवर तुम्ही 'बिना बताए शराब छुड़ाएँ' वाचत मोठ्या झाला असाल. त्या पुड्यांवर अनेकदा घटकच छापलेले नसतात. डाळीत अशी पुडी घालून दिलेला एक नवरा माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा लालभडक, रक्तदाब ७० वर, बायको दारात उभी राहून थरथर कापत होती. डायसल्फिरॅमवर दारू पडली की अगदी असं दिसतं. ते औषध चांगलं आहे, पण रुग्णाला सांगून, हृदय-यकृत तपासून, त्याच्या संमतीनेच. ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधंही आहेत, कावीळ असेल तर नाल्ट्रेक्सोन टाळतो. त्या बाईला मी रागावलो नाही. तिने दुसरीकडे कुठं जायचं हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आता दारूबंदी. तुमच्या केंद्रापासून थोड्या अंतरावर छोटा उदेपूर सुरू होतो, १९६० पासून बंदी असलेलं गुजरात. तुमचेच रुग्ण मजुरीला तिकडे जातात आणि तिकडे पिऊन येतात. तिथं २००९ मध्ये अहमदाबादला शंभरावर आणि २०२२ मध्ये बोटादकडे चाळीसवर माणसं विषारी दारूने गेली. उज्जैन-मंदसौर मात्र दुकानं उघडी असताना झालं, त्यामुळे सगळं खापर बंदीवर फोडता येत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे आणि तिथल्या बायकांनी ती स्वतः लढून मिळवली, म्हणून तिथं तिला अर्थ आहे. तरी पुढे 'मुक्तिपथ'सारखं गावोगावचं काम उभं करावं लागलंच. चंद्रपूरला २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. माझं मत असं की वरून आलेल्या बंदीने सगळ्यात आधी विधवेची भट्टी मोडते आणि ट्रकवाल्याचा धंदा चालतो. आपल्या मध्य प्रदेशात आदिवासींना घरच्या वापरापुरती मोहाची दारू ठेवायची कायद्याने मुभा आहे, ती काढून घ्या असं मी कधीच म्हणणार नाही. पण १९९६ च्या पेसा कायद्याने (आदिवासी भागांतल्या ग्रामराज्याचा कायदा) आणि नोव्हेंबर २०२२ च्या मध्य प्रदेशच्या नियमांनी ग्रामसभेला दुकानाबाबत बोलायचा अधिकार दिला आहे. शाळेजवळची कलाली हलवा, नवी नको, हे ग्रामसभा म्हणू शकते. तो ठराव बायकांनी आणावा, तुम्ही फक्त तुमच्या केंद्राच्या नोंदवहीतले आकडे त्यांना द्यावेत. उज्जैनला १ एप्रिल २०२५ पासून शहरातली दुकानं बंद झाली, पण काळभैरवाला दारूचा नैवेद्य आहे आणि अष्टमीला चोवीस खांब्यापासून निघणारी नगरपूजेची धारही आहे. दुकान आणि देवाची धार वेगळी करता येतात, एवढं त्यातून मी घेतो.

आणि तुमचे काका. त्यांना 'सोडा' म्हणू नका. 'किती घेता' विचारलंत तर 'दोनच' म्हणतील आणि खोटं बोलत नसतील. एका सुट्टीत औषधाचं मापाचं टोपण घेऊन शेजारी बसा, त्यांच्या नेहमीच्या ग्लासात त्यांना नेहमीसारखं पाणी ओतायला सांगा आणि मोजा. टिळकनगरातल्या एका घरात मी हेच केलं तेव्हा 'एक पेग' ८० मिली निघाला. तिथले काका बराच वेळ त्या टोपणाकडे पाहत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच ३० मिलीचं माप विकत आणलं. त्यांचाही तो दोनाच झाला म्हणा. जेवून मग घेणं, मंगळवार-गुरुवार कोरडे, म्हूच्या लष्करी कँटीनमधून येणारा कोटा घरात न साठवता अर्धा परत करणं, हे पुढे तेच ठरवू लागले. सकाळी हात थरथरतात का, हे मात्र काकूंना एकटीला विचारा. उत्तर 'हो' असेल तर काकांना श्रावणाआधी माझ्याकडे किंवा कुठल्याही मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन या, श्रावणात नको.

तुमच्याकडे ही वेळ होळीची असते. गुजरातेतून मजूर रोकड घेऊन परततात, आठवडाभर भगोरिया, मग होळी, मग पैसे संपतात आणि दारू एकदम तुटते. होळीनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसासाठी एक खाट रिकामी ठेवा, कपाटात थायमिनची इंजेक्शनं आणि लोराझेपाम मोजून ठेवा, आणि 'अंगात आलंय' म्हणून बडव्याकडे नेलेल्या माणसाला बडव्यानेच तुमच्याकडे पाठवावं, यासाठी त्याच्याकडे होळीच्या आधीच एकदा जाऊन या. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, नारळ न्या.